मेथीच्या पाण्यावरची साय

"शिवून झाल्यात, बाई. आता काय उसवू?"

बाबालाल अत्तार यांच्या हातात सरसाचा ब्रश होता. समोरच्या शिकंज्यात माझ्या प्रबंधाची पाचवी प्रत आवळलेली होती. उरलेल्या चार प्रती शेजारच्या फळीवर एकावर एक रचल्या होत्या.

"उसवू नका. पुठ्ठे घालू नका, एवढेच."

"आन् पाठीवरची सोनेरी अक्षरं?"

"तीही नकोत."

त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. "का वो? लगीन ठरलं? नाव बदलायचं हाय?"

"नाही. प्रबंध थांबला आहे. तो चुकीचा असावा, असे म्हणणे आहे."

"कुणाचं?"

"माझ्या मार्गदर्शकांचे."

"आन् तुमचं?"

मी पिशवी उघडली आणि प्रती भरू लागले.

ही १९८६ सालच्या मे महिन्यातील, कोल्हापुरातली गोष्ट. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. वनस्पतींपासून मिळणाऱ्या चिकट द्रावणांवर रंगाचा थेंब कसा पसरतो, याचा मी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात पाच वर्षे अभ्यास केला होता. विषय ऐकून नातेवाईक हसत. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात मेथीच्या द्रावणावरचे निष्कर्ष होते आणि पुढची सर्व प्रकरणे त्यावर उभी होती.

माझे मार्गदर्शक डॉ. हेबळे यांच्या प्रयोगशाळेत एक नियम होता. प्रबंध सादर होण्यापूर्वी त्यातील मुख्य प्रयोग दुसऱ्या विद्यार्थ्याने पुन्हा करायचा, तोही केवळ मूळ विद्यार्थ्याची नोंदवही वाचून. त्या वेळी मूळ विद्यार्थ्याने खोलीत पाऊल ठेवायचे नाही आणि तोंडी सूचनाही द्यायची नाही. माझा प्रयोग बिपिन शेट्येने केला. आमच्यात सर्वांत काळजीपूर्वक काम करणारा तोच होता. माझा थेंब सरासरी एकसष्ट मिलिमीटर पसरत असे. त्याचा चोवीसच्या पुढे गेला नाही. त्याने तो तीस वेळा टाकून पाहिला. अडीचपटीचा फरक हा निरीक्षणातला किरकोळ दोष म्हणून सोडून देता येत नाही.

"हे आकडे तुम्ही मोजलेले आहेत ना?" डॉ. हेबळ्यांनी मला विचारले होते. त्यांनी आवाज चढवला नव्हता. मी हो म्हटले होते आणि ते खिडकीबाहेर पाहत राहिले होते.

पाणीटंचाईमुळे प्रयोगशाळा पंधरा जूनपर्यंत बंद राहणार होती. त्यानंतर जूनअखेरपर्यंत शेट्येच्या हातून माझा आकडा आला, तर प्रबंध जाईल. आला नाही, तर चौथे प्रकरण आणि त्याबरोबर पाच वर्षे बाद होतील. बनवलेले आकडे, हा शब्द कुणीही उच्चारला नव्हता. मात्र पाच वर्षांनी मी तिथून हात हलवत निघाले असते, तर तो उच्चारण्याची गरजही उरली नसती.

यातले काहीही बाइंडरला सांगण्याचे कारण नव्हते. चौथी प्रत पिशवीत टाकताना मला मागच्या खोलीच्या उघड्या दारातून एक उथळ पत्र्याचा ट्रे दिसला. त्यातल्या पाण्यावर निळ्या आणि तांबड्या रंगाच्या बारीक नागमोडी रेषा तरंगत होत्या. पाणी हलत होते, तरी रेषा एकमेकींत मिसळत नव्हत्या.

"ते काय आहे?"

"अबरी. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतनं लावायचा कागद. जुन्या बांधणीला मिळताजुळता लागतो, बाजारात गावत न्हाई. म्हणून घरीच करायचा."

"पाण्यात काय घातले आहे?"

"मेथी."

मी पिशवी खाली ठेवली.

बाबालाल चाचांनी ट्रेभोवती फिरून मला सर्व दाखवले. सगळेजण त्यांना चाचा म्हणत. दुसऱ्या दिवसापासून मीही म्हणू लागले. मेथी भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून ते बुळबुळीत पाणी केलेले होते. त्यावर तरंगणाऱ्या रंगात बकऱ्याचे पित्त होते. मटणाच्या दुकानातून त्याची पिशवी दर शुक्रवारी येत असे.

"पित्तातील क्षार पृष्ठताण कमी करतात," मी म्हणाले. "म्हणून रंग पसरतो."

"आस्सं व्हय? मी समजत हुतो, बकरं मेलं म्हणून पसरतो." त्यांनी माझ्यापुढे ड्रॉपर धरला. "टाका की एक थेंब. डाक्टरीणबाईंचा हात लागू द्या."

मी टाकला. थेंब पृष्ठभागावर क्षणभर थबकला, कडेने फाटल्यासारखा झाला आणि तळाशी गेला.

"पाच वर्षांत कितींदा टाकलासा?"

"हजारो वेळा."

"आन् बुडला कितींदा?"

"एकदाही नाही."

"तर वो! मुहूर्त बरा साधलाय." त्यांनी वर्तमानपत्राची एक पट्टी ट्रेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाण्यावरून ओढली, ट्रे स्वच्छ केला आणि स्वतः थेंब टाकला. तो वाटीच्या तोंडाएवढा गोल पसरला. त्यांचा सराव चाळीस वर्षांचा होता. फरकाचे एवढे कारण मला त्या वेळी पुरले.

"शिकवाल?" मी विचारले. रिकामे बसून पंधरा जूनची वाट पाहणे मला शक्य नव्हते, हे त्यामागचे खरे कारण.

"शिकवतो. पर जपानीपासनं सुरवात करायची. मेथी वाया गेली तर जीव हळहळतो. जपानीला नुसतं पाणी लागतं, चुकलं तर तुळशीला घालता येतं."

चाचांकडे दोन विद्या होत्या. युरोपीय पद्धत ते तरुणपणी मंगळूरकडच्या एका मिशन छापखान्यात शिकले होते. तिथले साहेब समुद्रातले शेवाळ उकळून पाणी दाट करीत. युद्धात बोटी बंद झाल्या तेव्हा चाचांच्या उस्तादांनी मेथी घेतली आणि पुढे तीच राहिली. जपानी पद्धत त्यांना ओकुमुरा नावाच्या बाईंनी दिली. हातकागद पाहण्यासाठी त्या एकदा इकडे आल्या आणि चाचांच्या घरी चार महिने राहिल्या. "तिनं मला फुंकर शिकवली, मी तिला फणी," असे ते सांगत. दोघांना समाईक अशी एकही भाषा येत नव्हती.

पहिला आठवडा जपानी पद्धतीचा होता. परातीत स्वच्छ पाणी. उजव्या हातातल्या ब्रशला काळी शाई. डाव्या हातातला ब्रश चाचा आपल्या नाकपुडीच्या बाजूला फिरवीत आणि शाईच्या ठिपक्याच्या मध्यभागी हलकेच टेकवीत. ठिपका फुलून कडे होई. मग पुन्हा शाई, पुन्हा नाक. एकात एक शंभर कडी.

"हे आरोग्याला धरून नाही," मी म्हणाले.

"मग तुमी कपाळाला लावा."

मी कपाळाला लावला. तो त्वचेवरच्या तेलाचाच परिणाम होता, त्यात गूढ काही नव्हते. तिसऱ्या दिवशी माझी कडी इतकी नेमकी येऊ लागली, की मी त्यांना मुद्दाम बोलावून दाखवली.

चाचांनी चष्मा वर करून पाहिले. "हे तर तहसीलदाराच्या शिक्क्यावानी झालं. फुंकर घाला."

"बिघडेल."

"बिघडू द्या. शिक्का घरात कोण लावतंय?"

मी फुंकर घातली. कडी लांबली, वळली, एका बाजूला दाटली. कागद आधी मधोमध टेकवायचा आणि मग दोन्ही कडा सोडायच्या, म्हणजे खाली हवा अडकत नाही, हे मी शिकले होते. कागद उचलला तेव्हा त्यावर एखाद्या डोंगराच्या नकाशासारखे काहीतरी उमटले होते. ते सुंदर होते, हे मी नाकारत नाही.

"आता हाच पुन्हा कसा करायचा?" मी विचारले.

"हा? हा पुन्हा न्हाई येत."

"मग ही विद्या नव्हे, चाचा. योगायोग आहे. जे पुन्हा करता येत नाही, ते माणसाला येते असे म्हणता येत नाही."

माझा आवाज चढला असावा, कारण बाहेर पुठ्ठे कापणारी त्यांची सून दारात येऊन उभी राहिली. चाचा प्रथमच दुखावलेले दिसले. ते परातीजवळ बसले आणि त्यांनी एकामागून एक पाच कागद काढले. ओले कागद फरशीवर मांडून त्यांनी माझ्या हातात पोलादी पट्टी दिली.

"मोजा. तुमाला मोजायची आवड."

चित्रे पाचही वेगळी होती. पण फुंकरीने न बिघडलेल्या भागात दोन कड्यांमधले अंतर मी मोजले, तेव्हा ते पाचही कागदांवर दोन ते अडीच मिलिमीटर भरले.

"चित्र परत येत न्हाई," चाचा म्हणाले. "रीत परत येती. रीत आली न्हाई, तर आपण कायतरी इसरलोय, आसं समजायचं आन् गप शोधायचं. योगायोग म्हणं!"

मी क्षमा मागितली. त्यांनी परातीतले पाणी मला तुळशीला घालायला सांगितले.

दुसऱ्या आठवड्यात मेथी आली. तुरटीच्या पाण्याचा हात देऊन आदल्या दिवशी वाळवलेला कागद, पित्त घातलेले चार रंग, लाकडी पट्टीत टाचण्या ठोकून केलेली फणी. थेंब टाकून पृष्ठभाग भरायचा, काडीने उभ्या-आडव्या रेघा ओढायच्या आणि शेवटी फणी एकदाच, न थांबता फिरवायची. पहिला कागद मला पहिल्याच दिवशी चांगला साधला. दुसरा फसला. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले: पहिला चांगला, दुसरा खराब. थेंब आकसून बसत, कडा फाटत, काही बुडत. मी पित्त वाढवून पाहिले, रंग बदलले, पाण्याचे तापमान मोजले. चार दिवसांत सोळा कागद वाया घालवले आणि प्रत्येकाची नोंद ठेवली.

पाचव्या दिवशी चाचा माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"साय काढली न्हाई तुमी."

"कसली साय?"

"पाण्याची. दुधाला धरती, तशी ह्यालाबी धरती. पहिल्या कागदाला पाणी ताजं असतं, म्हणून उठतोय. पुढं दर कागदाआधी पट्टी ओढायची. मी ओढतो ते बघता न्हवं रोज?"

"ती बुडबुडे काढण्यासाठी असते."

"बुडबुडं जातातच. पर निघायची असती ती साय."

मी ट्रेकडे तिरप्या उजेडात पाहिले. पाणी नितळ होते. "इथे काहीही दिसत नाही, चाचा. आणि दहा मिनिटांत कसली साय धरणार?"

"मला काय इचारता? घड्याळ तुमच्या हातात हाय."

मी पट्टी ओढली आणि लगेच ड्रॉपरने निळ्या रंगाचा एक थेंब टाकला. अठ्ठेचाळीस मिलिमीटर. पट्टी ओढून पाच मिनिटे थांबले: छत्तीस. पुन्हा पट्टी, दहा मिनिटे: सत्तावीस. पुन्हा पट्टी, अर्धा तास: एकोणीस. त्यानंतर एक तास थांबूनही एकोणीसच. प्रत्येक वाचन तीनदा घेतले. चाचांची सून दोनदा चहा ठेवून गेली. दोन्ही कप थंड झाले.

रंग वेगळा, ड्रॉपर वेगळा, म्हणून हे आकडे प्रयोगशाळेतल्या आकड्यांशी जुळण्याचे कारण नव्हते. त्यांचे गुणोत्तर मात्र काढता येत होते. अठ्ठेचाळीस भागिले एकोणीस: अडीच.

मी पट्टी पुन्हा हातात घेतली आणि ओढली. या वेळी मी पाण्याकडे न पाहता माझ्या हाताकडे पाहिले. हात ट्रेच्या डाव्या टोकाला गेला, पट्टी किंचित तिरकी झाली, एका लयीत उजवीकडे आली आणि शेवटी मनगट वर वळले. ही हालचाल मला कुणी शिकवली नव्हती. ती मी पाच वर्षे करीत होते.

प्रयोगशाळेत द्रावण बशीत ओतले की वर बुडबुडे येत. ते मला बघवत नसत. मोजमापात त्यांचा अडथळा नव्हता. केवळ अस्वच्छ वाटत म्हणून मी गाळणकागदाची एक पट्टी पृष्ठभागावरून ओढून ते काढीत असे आणि लगेच थेंब टाकीत असे. ओट्यावरून फडके फिरवावे, तितक्याच सहजतेने. ओट्यावर फडके फिरवले, असे कुणी नोंदवहीत लिहीत नाही. मीही लिहिले नव्हते.

शेट्ये माझ्यापेक्षा धीराचा. तो बशी झाकून बुडबुडे आपोआप विरण्याची अर्धा तास वाट पाहत असणार आणि उरलेले सुईने फोडत असणार. मेथीच्या द्रावणात थोडी प्रथिने असतात. तेवढ्या वेळात ती वर येऊन पातळ, न दिसणारा पापुद्रा धरत असणार. त्याच्या धीरानेच त्याचे थेंब लहान केले होते.

मी चाचांना सांगितले. समजावून सांगायला वेळ लागला.

"म्हंजे," ते म्हणाले, "तुमी पाच वर्षं साय काढत हुतासा, आन् तुमालाच पत्ता न्हाई?"

"नाही."

"आन् इथं यिऊन सोळा कागद नासलेसा?"

"इथे बुडबुडे नव्हते, चाचा. तुमची सून पाणी फार सावकाश ओतते. म्हणून माझ्या हाताने पट्टी उचलली नाही."

ते इतके हसले, की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला. "आगं परवीन, ऐकलंस काय? तुझ्या हातामुळं बाईंची पदवी आडत हुती!"

त्याच संध्याकाळी मी डॉ. हेबळ्यांच्या घरी गेले. ते झोपाळ्यावर बसून माझे सर्व बोलणे ऐकत राहिले. आकड्यांचा कागद त्यांनी दोनदा वाचला.

"हे नोंदवहीत आहे?"

"नाही, सर."

"का नाही?"

"मी ते करते, हे मला माहीत नव्हते."

त्यांनी झोपाळा पायाने थांबवला. "तारळेकर, तुम्ही आकडे बनवले असते, तर काय करायचे ते मला ठाऊक होते. हे मात्र माझ्यासाठी नवीन आहे." मग म्हणाले, "तुम्ही शेट्येशी बोलला आहात?"

"नाही. नियम आहे."

"उत्तम. मी त्याला एक ओळ लिहून देतो. कारण सांगणार नाही."

सोळा जूनला शेट्येच्या हातात एक चिठ्ठी पडली: 'प्रत्येक थेंबापूर्वी गाळणकागदाची पट्टी पृष्ठभागावरून ओढावी आणि दहा सेकंदांच्या आत थेंब टाकावा.' दार लावले गेले. मी बाहेरच्या बाकावर बसले. माझे गृहीतक चूक असण्याची शक्यता मी मनाशी तीस टक्के धरली होती. बाकावर बसल्यावर ती साठ झाली. डॉ. हेबळे आपल्या खोलीत होते आणि त्यांचे दार उघडे होते. ते एरवी कधी उघडे नसे.

चाळीस मिनिटांनी शेट्ये बाहेर आला. तो बोलण्याआधी मी त्याच्या चेहऱ्यावर काही वाचण्याचा प्रयत्न केला, पण तिथे केवळ गोंधळ होता.

"शैलजाताई, ही पट्टी कुठून आली?"

"आकडा सांग."

"एकसष्ट. साठ. एकसष्ट. बासष्ट. अजून घेतोय." तो तिथेच उभा राहिला. "गेल्या खेपेला तीस वेळा केलं मी. तीस वेळा. आणि रोज रात्री वाटायचं, तुमच्यावर आळ आणतोय."

"तू जे वाचलेस, तेच केलेस. चूक माझ्या वहीची आहे."

डॉ. हेबळे दारात आले. त्यांनी शेट्येच्या हातातून कागद घेतला, आकडे पाहिले आणि घडी करून खिशात ठेवला. अभिनंदन करण्याची त्यांची पद्धत नव्हती.

"चौथे प्रकरण राहील," ते म्हणाले. "पण असे नाही. या पापुद्र्याचे एक नवे प्रकरण होईल. सहा महिने लागतील. शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीचे पत्र मी आज टाकतो."

"आणि ऋणनिर्देशात एक नाव घालायचे आहे, सर. बाबालाल अत्तार."

"कोणत्या संस्थेचे?"

"शनिवार पेठ."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "घाला," ते म्हणाले. "पद मात्र नीट लिहा. परीक्षक विचारतील." मग ते जायला वळले आणि थांबले. "तारळेकर, एक गोष्ट तुम्ही नकळत करत होता. ती सापडली. अशा आणखी किती आहेत?"

"माहीत नाही, सर."

"तुम्हाला माहीत असणारच नाही. शेट्ये, आत चला. वही घ्या. आजपासून हा नियम उलटा."

त्यांनी स्वतः एक उंच स्टूल ओढून माझ्या टेबलाच्या पलीकडे ठेवले. शेट्ये त्यावर बसला, कोरी वही मांडीवर उघडली, तारीख घातली आणि पेन्सिल धरून माझ्या हातांकडे पाहू लागला. मला कुणीतरी तपासणीसाठी कपडे उतरवायला सांगितल्यासारखे वाटले. मी मेथीच्या द्रावणाचा चंबू उचलला. बशी पुढे घेतली. ओतण्यासाठी चंबू कलता केला.

"थांबा," शेट्ये म्हणाला.

"अजून काही केलेच नाही मी."

"केलंत. बशीवर फुंकर मारलीत."

मी चंबू हातात धरून उभी राहिले. शेट्येने पहिल्या ओळीवर एकचा आकडा घातला आणि लिहायला सुरुवात केली.